तंबोरा लावताना ट्यूनरचं किती ऐकायचं

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत तंबोरा गवसणीत उभा आणि रियाज मोबाइलच्या तंबोऱ्यावर, का तर म्हणे लावता येत नाही. येतो हो, कान जरा वापरावा लागतो एवढंच. आमच्या ग्वाल्हेर घराण्याचे जुने गवई हस्सू-हद्दू खाँ काय ट्यूनर, म्हणजे सूर मोजून दाखवणारं यंत्र, घेऊन बसायचे?

आधी पट्टी ठरवा. आपल्याकडे सा चा आकडा ठरलेला नाही, गळ्याला बसेल तो सा. पेटीला मात्र आकडा असतो, पाश्चात्त्य ‘ए’ हा सूर म्हणजे सेकंदाला 440 कंपनं, 440 हर्ट्झ, बाकीचे सूर तिथून मोजायचे. पुरुषाची काळी एक, म्हणजे सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, धरली तर जोडाच्या, म्हणजे मधल्या सा च्या, दोन्ही तारा 138.6 वर, खर्ज म्हणजे खालच्या सा ची शेवटची तार बरोब्बर निम्मी, 69.3, आणि पहिली, पंचमाची (प ची) तार खर्जाच्या दीडपट, 104 च्या आसपास. बायकांची काळी पाच असेल तर जोड 233 वर, बाकी हिशोब तोच.

आता घोडीखाली तारांत ओवलेले मणी सगळे मधोमध आणा, नाहीतर शेवटी बारीक फरक करायला जागाच उरत नाही. जोडातली एक तार ट्यूनर बघून खुंटीने लावा आणि मग ट्यूनर बंद करा, खरंच बंद करा. दुसरी तार पहिलीसोबत छेडून ऐका, फरक असेल तर आवाज वाँव-वाँव असा लाटेसारखा कमीजास्त होतो. एक 138 वर आणि दुसरी 139 वर असेल तर सेकंदाला एक लाट, 3 चा फरक असेल तर तीन. खुंटी फिरवताना लाटा मंदावल्या तर बरोबर चाललंय, वाढल्या तर उलटी फिरवा, आणि अगदी मंद झाल्या की खुंटी सोडून मण्यावर या, मणी खाली सरकवला की सूर चढतो. लाट थांबली की झालं.

खर्ज आणि पंचम असेच कानाने (मालकंसात पंचम नाही, तिथे पहिली तार मध्यमावर). चुकीच्या सप्तकात मात्र तार खेचत बसू नका, त्याच तारेचा सूर दुप्पट करायला ताण चौपट लागतो, मी एकदा खेचली होती, तार तुटून बोटावर वळ उठला.

खरी गंमत खर्ज नीट लागल्यावर. त्या एकाच तारेतून आपोआप गांधार (ग) ऐकू येतो, तिच्या पाचपट कंपनांचा, म्हणजे 346.5. ट्यूनरला विचाराल तर तो उतरलाय म्हणेल, कारण पेटीचा तिथला गांधार 349.2 वर असतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेत, कुठल्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून, त्यामुळे तिचा गांधार जरा चढाच. चूक तंबोऱ्याची नाही, त्याला हात लावू नका! गाताना गांधार तंबोऱ्यात मिळवा. साथीला पेटी असेल तर सा तेवढा पेटीवरून घ्या, जुनी पेटी 440 ला जुळेलच असं नाही.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात खुंट्या सुकून सुटतात, त्यांना खडू घासा. तंबोरा कूलरसमोर ठेवू नका, ओलाव्याने त्याच खुंट्या फुगून हलत नाहीत.