बॉल पायथनची पेटी, बेळगावच्या हवेत टिकेल अशी

शहापूर-वडगावच्या साडी दुकानांची शोकेस बनवणं हा माझा धंदा. माझ्याकडं बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा बिनविषारी अजगर, आहे हे कळल्यापासून कॉलेजची पोरं दुकानात येऊन विचारतात, "मामा, माशाची काचटाकी चालंल न्हवं?" मी नको म्हणतो. टाकी वरून उघडते, आणि वरून झेपावणारं काहीही सापाच्या लेखी शत्रूच. शिवाय चारही बाजूंनी उघडं दिसत असलं की हा साप धास्तावतो आणि खाणं सोडतो. त्याला तीन बाजूंनी लाकूड आणि समोरून सरकती काच असलेली पेटीच हवी.

आधी कायद्याचं बघा. नाग, धामण, मांडूळ, आपला भारतीय अजगर, यातलं काहीही घरात ठेवायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि शेतात सापडलेल्या सापाची जागा शेतातच. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे. तो सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळं २०२४ च्या नियमांप्रमाणं ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणारा कागद देत नसेल तर साप घेऊ नका.

आता पेटी. आठ बाय चारचा १८ एमएमचा एकच मरीन प्लाय घ्या, ७१० ग्रेडचा. त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे पडतात: तळ, छत, पाठ, आणि चौथा मधोमध कापला की दोन्ही बाजू. पूर्ण वाढलेल्या सापाला एवढी जागा हवीच. आतून पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन दोन-तीन हात मारा, कोपऱ्यांच्या फटी सिलिकॉननं भरा, आणि सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. साधा कमर्शियल प्लाय आमच्या पावसाळ्यात फुगतो, त्यात पैसे घालू नका.

काचेत बहुतेकांची फसगत होते. दोन सरकत्या काचा जिथं एकमेकींवर येतात, तिथं बारीक फट राहते. रात्री दिवा मालवून बघा: साप नाकाचं टोक त्या फटीत घालतो, खालपासून वरपर्यंत सावकाश चाचपत जातो, आणि जिथं काच जराशी हलते तिथं थांबून मान रेटतो. पिल्लू असेल तर काच रेटून तिथून निघून जाऊ शकतं. त्या जोडावर ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडं मिळणारी ब्रश पट्टी उभी चिकटवा आणि शोकेसचं दातेरी कुलूप लावा.

हवेसाठी भोकं एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर पाडा, म्हणजे हवा पेटीभर फिरते. भोकांना आतून स्टीलची बारीक जाळी. भोकं किती, हे गाव बघून ठरवा. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिथं दमटपणा वाढवायची गरजच नाही, बुरशी टाळायची असते, म्हणून भोकं जास्त. अथणी-रायबागकडं एप्रिलची हवा कोरडी, तिथं कमी. आर्द्रता ५५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असू द्या, कात टाकायच्या वेळी थोडी वाढवा. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे पाण्याचं भांडं. कोरड्या दिवसांत ते उबेच्या बाजूला सरकवा, पावसाळ्यात गार बाजूला.

उबेच्या बाबतीत हयगय नको. साप स्वतःचं अंग तापवू शकत नाही. तो जागा बदलून उष्णता कमीजास्त करतो. म्हणून एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ हवेत, मधे आपोआप उतरण मिळते. छताला सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा), पोर्सिलेनच्या होल्डरमध्ये, आणि भोवती जाळीचा पिंजरा, कारण हा साप वर चढतो आणि भाजून घेतो. ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावूच नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर उबेच्या टोकाला, साप बसतो त्या उंचीवर क्लिपनं पक्का करा. सैल सोडला तर साप तो ओढत गार बाजूला नेतो, आणि हीटर बंदच होत नाही.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे पारा १२-१३ वर येतो, आणि वीज जाते ती नेमकी तेव्हाच. पेटीवर घोंगडं टाका, वरची भोकं थोडी मोकळी ठेवून. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवा. उन्हाळ्यात उलटं: पत्र्याच्या खोलीत पेटी नकोच, आणि काचेवर थेट ऊन कधीच नको. ३५ च्या वर पेटी गेली की जीव धोक्यात.

आत दोन लपायच्या जागा, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. फक्त एकच असली तर साप ऊब सोडतो, पण लपणं सोडत नाही. जागा अंगाला भिडेल एवढीच हवी. उपडी मातीची कुंडी, कडा घासून गुळगुळीत केलेली, उत्तम. खाली नारळाच्या सालीचे तुकडे. सुताराकडचा भुसा नको, त्यात कुठल्या लाकडाची कीस असते सांगता येत नाही.

फिनेल, डांबरगोळ्या, मच्छर अगरबत्ती, कापूर हे सगळं त्या खोलीतून बाहेर. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर लाल मुंग्या चढतात आणि सापाला चावतात.

श्रावणात शेजारच्या आक्का वाटीभर दूध घेऊन येतात. मी त्यांना बसवतो, काचेतून साप दाखवतो आणि हळूच सांगतो की सापाला दूध पचत नाही, त्याचं अन्न उंदीर. त्या काचेबाहेरूनच हात जोडतात. हळदकुंकू मात्र आत जाऊ देऊ नका, डोळ्यात आणि नाकपुडीत बसतं.

पेटी झाली की साप आणायच्या आधी आठवडाभर रिकामीच चालवा. सकाळी, दुपारी, पहाटे दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिहा. आकडे स्थिर झाले की मग साप आणा. पहिला आठवडा त्याला हात लावू नका, फक्त पाणी बदला. त्यानंतर मेलेला उंदीर चिमट्यानं द्या, आणि खाल्ल्यावर निदान दोन दिवस उचलू नका.