आश्वेच्या लहान लाटांवर मित्रांसोबत सर्फिंग

गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजी, आश्वे आणि मांद्रे हे किनारे एकमेकांना लागून आहेत. पावसाळा सरल्यानंतर तेथे बहुतेक दिवस गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या लाटा येतात, आणि मित्रांनी मिळून सर्फिंग शिकायचे असेल तर याच लाटा योग्य आहेत. पावसाळ्यात मात्र तेथे मुळीच उतरू नये, आणि ज्याला पोहता येत नाही त्याने इतर वेळीही उतरू नये.

वेळ ठरवताना वारा आणि भरती या दोन्हींचा विचार करावा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात, त्यामुळे लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत राहतो. उन्हे चढून खारे वारे सुटले की पाणी विसकटते. भरतीची ढोबळ वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट करणे. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे पूर्ण भरती नऊच्या सुमारास येणार, आणि साडेसहाला उतरल्यास चढत्या पाण्याचे अडीच तास हाती मिळणार. नेमकी वेळ तक्त्यात पाहून घ्यावी.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर दहा मिनिटे नुसता समुद्र पाहावा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या पट्ट्यात पाणी शांत आणि गडद दिसत असेल, तर तेथून ते वेगाने आत परतत असते. नवशिक्याला नेमकी तीच जागा सोपी वाटते. चुकून तेथे सापडल्यास बोर्ड सोडू नये आणि प्रवाहाशी न झगडता किनाऱ्याला समांतर बाहेर पडावे. मच्छीमारांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर तिच्या दोरांपासून बरेच दूर जावे, कारण ती माणसे पोटासाठी तेथे आलेली असतात.

चौघांनी दोनच बोर्ड भाड्याने घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येकाच्या हाती बोर्ड असला की कोणाचेच कोणाकडे लक्ष राहत नाही. दोघांत एक असला की एक जण लाटेवर असताना दुसरा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्याच्यावर नजर ठेवतो. बोर्ड आठ-नऊ फुटी, मऊ फोमचा असावा आणि त्याची दोरी मागे राहणाऱ्या पायाच्या घोट्याला बांधावी. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, दडलेले असू शकते, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चालावे. बोर्ड नेहमी अंगाच्या बाजूला धरावा. आमच्यातील एका मैत्रिणीने तो छातीसमोर आडवा धरला होता, आणि गुडघाभर लाटेने तो असा उसळवला की तिची हनुवटी फुटली.

सुरुवात फुटलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात करावी. बोर्डाचे टोक किनाऱ्याकडे वळवून पालथे झोपावे. टोक पाण्यात घुसत असेल तर थोडे मागे सरकावे. मागून फेसाचा आवाज जवळ येऊ लागला की हात मारू लागावे, आणि बोर्ड उचलला गेल्याचे पोटाला जाणवल्यावरही आणखी दोन हात मारावेत, कारण बहुतेक जण येथेच घाई करतात. मग तळवे बरगड्यांजवळ बोर्डावर सपाट टेकवून छाती वर रेटावी आणि दोन्ही पाय एकाच हालचालीत अंगाखाली आणावेत. गुडघे वाकलेले व नजर किनाऱ्यावरील एखाद्या माडावर असावी. पायांकडे पाहिले की तोल जातोच. पडताना डोके खाली घालून सूर मारू नये, अंग पसरून पडावे आणि वर येताना हातांनी डोके झाकावे.

पुढे न फुटलेल्या लाटा पकडू लागल्यावर एका लाटेवर एकच जण जाईल असे पाहावे, आणि लाट जेथे फुटू लागते त्याच्या सर्वांत जवळ असलेल्याला ती द्यावी. दंड थकले की बाहेर यावे, बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवावा. मोरजी आणि मांद्रे येथे थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे कुंपण घातलेल्या वाळूवर ना बोर्ड टेकवावा, ना पाय ठेवावा.