विष हातात घेण्याआधी: शेत आणि बागेतल्या उंदीर-बंदोबस्ताची तयारी

सगळ्यात आधी वेळ बघा. पीक पोटरीत (कणीस पानांच्या आवरणात भरू लागण्याच्या अवस्थेत) यायच्या आत मोहीम उरकायची, कारण दाणे भरू लागले की उंदरांची वीण जोरात सुरू होते. मादी साधारण 3 आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण करू लागतात. शिवाय शेतात ताजे दाणे असताना आमिषाला तोंड कोण लावणार? म्हणून रान मोकळं असताना किंवा पीक लहान असतानाच कामाला लागा. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना बोलावून एकच दिवस ठरवा. एकट्याने केलेली मोहीम मला वाया गेलेली मेहनत वाटते, कारण रिकामी झालेली बिळं शेजारच्या बांधावरचे उंदीर थोड्याच दिवसांत भरून काढतात.

मग साफसफाई. बांधावरचं गवत, पाचटाचे ढीग, कोपऱ्यात टाकलेली लाकडं आणि जुन्या नळ्या हलवा. रुंद बांध म्हणजे उंदरांना आयती जागा, त्यामुळे जमेल तिथे बांध अरुंद करून घ्या. बागेत आच्छादन खोडापासून वीतभर तरी लांब ठेवा. खोडाला चिकटून पाचट असेल तर उंदीर त्याच्या आड बसून साल कुरतडतो, आणि साल चहूबाजूंनी गेली की झाड वाळतं. जमिनीलगत दोन-दोन दातांच्या बारीक खाचा दिसतात का, हे प्रत्येक कोवळ्या झाडाशी वाकून पाहा. झाडावर चढून फळं खाणाऱ्या उंदरांसाठी खोडाला गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा लावा. मात्र शेजारच्या झाडाच्या फांद्या भिडलेल्या असतील तर पत्र्याचा उपयोग शून्य, तेव्हा आधी छाटणी करा.

आता बिळांची मोजणी. हे काम कुणी टाळू नये. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा आणि सकाळी जी उकरलेली दिसतील त्यांच्याजवळ काडी रोवा. तीच जिवंत बिळं, आमिष फक्त तिथेच. घुशीचं मात्र वेगळं असतं. ती स्वतःच बिळाचं तोंड मातीने बंद करते, म्हणून तिथे उघडं भोक न शोधता ताज्या, ओलसर, भुसभुशीत मातीचा ढीग शोधायचा. काड्यांचा आकडा वहीत लिहून ठेवा.

झिंक फॉस्फाईड हे लगेच परिणाम करणारं उंदरांचं विष वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, म्हणजे भरडलेलं धान्य आणि थोडं खाद्यतेल, त्याच जागी ठेवून उंदरांना सवय लावा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, आधी चिमूटभर चाखतो. तेवढ्यावर आजारी पडून वाचला तर पुढे कित्येक दिवस ते आमिष शिवत नाही. त्यामुळे झिंक फॉस्फाईड लागोपाठ दुसऱ्यांदा वापरू नका. उरलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोन, म्हणजे रक्त गोठू न देणारं विष, घ्या. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसत असल्याने उंदरांना संशय येत नाही. आपल्या भागात कोणत्या औषधाला परवानगी आहे ते आधी पाहा, आणि मात्रा वेष्टनावर लिहिली असेल तेवढीच.

रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, लांब दांड्याचा चमचा, कागदी पुड्या आणि मिश्रणासाठी वेगळं भांडं आदल्या दिवशीच काढून ठेवा. ते भांडं पुन्हा घरात न्यायचं नाही. झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर के1 जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो डॉक्टरकडेच. म्हणून वेष्टन जपून ठेवा, दवाखान्यात ते दाखवता आलं पाहिजे. पुडी बिळात खोल सारून तोंड बुजवा, बाहेर एक दाणाही पडता कामा नये. पावसाचं चिन्ह असेल तर दिवस पुढे ढकला. मुलं, कुत्री, गुरं आणि कोंबड्या त्या दिवसांत शेतापासून लांब.

मेलेले उंदीर रोज सकाळी हातमोजे घालूनच वेचा आणि खोल पुरा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होतो, आणि विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर तेही दगावू शकतं. एवढा उंदीर फस्त करणारा सोबती गमावणं मला फार लागतं. त्याच्यासाठी शेतात उंच मचाणासारखे थांबे उभारून ठेवा, आणि जमेल तिथे विषाऐवजी पिंजरेच लावा.

आठवड्याने बिळं पुन्हा बुजवून सकाळी मोजा, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा आणि जिथे माती पुन्हा उकरली असेल तिथेच दुसरी फेरी करा.