युनिटीतला गेम गोडोमध्ये नेताना

सप्टेंबर 2023 मध्ये युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या (इंजिनाच्या) कंपनीने गेमच्या इन्स्टॉलच्या संख्येवर शुल्क आकारण्याचे जाहीर केले आणि अनेक स्वतंत्र गेम-निर्माते गोडो या मुक्तस्रोत इंजिनाकडे वळले. वर्षभराने ते शुल्क मागे घेण्यात आले, पण अटी पुन्हा बदलतील ही धास्ती कायम राहिली. गोडोचा परवाना एमआयटी हा मोकळीक देणारा मुक्तस्रोत परवाना असल्यामुळे कमाईतला वाटा कोणाला द्यावा लागत नाही. परवान्याचा मजकूर गेमसोबत दिला की पुरे.

मात्र निम्म्याहून अधिक झालेला गेम हलवू नये, तो युनिटीतच पुरा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गेम कुठे चालवायचा, हेही आधी ठरवावे. कन्सोल कंपन्यांच्या गोपनीयतेच्या करारांमुळे गोडोच्या मूळ आवृत्तीत कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायच्या गेम-यंत्रांसाठी) एक्स्पोर्टची, म्हणजे त्यावर चालणारी प्रत काढण्याची सोय नाही, ते काम बाहेरच्या कंपन्यांकडून करून घ्यावे लागते. आणि युनिटीत वापरल्या जाणाऱ्या सी शार्प भाषेत लिहिलेला गेम वेबवर न्यायची सोय गोडो 4 मध्ये 4.4 पर्यंत तरी नव्हती, त्यामुळे ब्राउझरसाठी जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषाच शिकून घ्यावी.

चित्रे आणि आवाज जसेच्या तसे चालतात. असेट स्टोअर या युनिटीच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या वस्तूंचा परवाना तेवढा वाचावा, कारण काही वस्तू फक्त युनिटीपुरत्याच दिलेल्या असतात.

कोड ओळीला ओळ लावून उतरवू नये. युनिटीत एका ऑब्जेक्टवर चार स्क्रिप्ट चढवता येतात, तर गोडोत एका नोडला (गेमच्या एका घटकाला) एकच स्क्रिप्ट जोडता येते. म्हणून चालणे, पात्राची प्रकृती (हेल्थ), हल्ला ही कामे वेगवेगळ्या उपनोडांकडे सोपवावीत आणि त्यांचा आपसातला संवाद सिग्नलवर, म्हणजे एका नोडने घटना घडल्याचे इतरांना कळवण्याच्या सोयीवर ठेवावा. प्रीफॅबच्या (युनिटीत पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार ऑब्जेक्टच्या) जागी गोडोत स्वतंत्र सीन, म्हणजे नोडांचा जतन केलेला संच येतो.

खरी फसगत आकड्यांत होते. टूडीमध्ये युनिटीचे एक युनिट सहसा 100 पिक्सेलचे, तर गोडोत वेग थेट पिक्सेलमध्ये मोजला जातो, शिवाय वाय अक्ष खालच्या दिशेने वाढतो. त्यामुळे उडीसाठी जुना 12 हा आकडा तसाच ठेवला, तर पात्र वर उसळण्याऐवजी खाली ढकलले जाते. तिथे उणे 1200 च्या आसपासचा आकडा लागतो आणि गुरुत्वाकर्षणही त्याच मापाने वाढवावे लागते. पात्र हलवणारे 'मूव्ह अँड स्लाइड' हे गोडोचे फंक्शन डेल्टाचा (दोन फ्रेममधल्या वेळेचा) हिशेब स्वतःच करते, तेव्हा वेगाला पुन्हा डेल्टाने गुणू नये.

पहिली पातळी नुसत्या राखाडी चौकोनांची करावी, रेंडररसाठी (चित्र पडद्यावर रेखाटणाऱ्या भागासाठी) जुन्या यंत्रांवरही चालणारा 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय निवडावा आणि सजावटीला हात लावण्याआधी ती एखाद्या जुन्या अँड्रॉइड फोनवर चालवून पाहावी.