कण्याला मार लागल्यावर लघवीचं कसं सांभाळायचं, हाताशी सामान कमी असताना

कण्याला मार लागला की सगळ्यांचं लक्ष पायांकडे, पण किडनी वाचवायची तर आधी लघवीकडे बघा. मूत्राशय भरलं तरी कळत नाही, किंवा ते आवळतं पण खालचा स्नायू सुटतच नाही, मग आत प्रेशर वाढून लघवी उलटी किडनीकडे चढते. आणि थेंब थेंब गळतंय म्हणजे रिकामं होतंय असं समजू नका, बऱ्याचदा ते काठोकाठ भरून सांडत असतं.

सुरुवातीला हॉस्पिटलमधे फुग्यावाली कायमची नळी असते, ते ठीकच. तब्येत स्थिरावली की डॉक्टरांना विचारा, दर वेळी नळी घालून लघवी काढून परत नळी बाहेर, हे जमेल का? हात चालत असतील तर स्वतः, नाहीतर घरचं कोणीतरी शिकून घेतं. पहिल्यांदा मात्र नर्ससमोरच करा.

करायचं असं: हात साबणाने धुवा, लघवीची जागा साबण-पाण्याने पुसा, नळीला पाण्यात विरघळणारी जेली लावा (तेल, व्हॅसलिन नको), हळूहळू आत सरकवा, लघवी आली की अजून थोडी आत. पुरुषांनी लिंग वर धरायचं, बायकांनी सुरुवातीला आरसा ठेवायचा. अडलं तर जोर नाही लावायचा, थांबा, श्वास घ्या, मग परत. धार थांबली की सावकाश बाहेर काढा.

दिवसातून ४ ते ६ वेळा, घड्याळ लावून. एका वेळी ५०० मिलीच्या वर निघत असेल तर वेळा वाढवा, पाणी पिणं तोडू नका. किती निघाली ते मोजून लिहायला मापाचा डबा आणि एक वही एवढंच लागतं.

आता नळ्या पुरत नाहीत त्याचं. पाकिटावर एकदाच वापरा लिहिलेलं असतं आणि नवी मिळाली तर उत्तमच, पण नळी नाही म्हणून लोक वेळाच कमी करतात, ती चूक जास्त महागात पडते. १९७२ मधे लॅपिडीस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हेच मांडलं की निर्जंतुक नसली तरी स्वच्छ नळी चालते, मूत्राशय ताणलं जाऊ देऊ नका. तर वापरून झाली की लगेच आतून-बाहेरून साबणाने धुवा, पाणी झटका, पूर्ण वाळू द्या, कोरड्या स्वच्छ डब्यात ठेवा. लाल रबरी नळी उकळता येते, प्लॅस्टिकची मऊ पडते. कडक झाली, चिरली की फेका. आणि एकाची नळी दुसऱ्याला कधीच नाही!

पोट दाबून लघवी काढायची सवय असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका, त्यानेही प्रेशर वाढतं.

कायमची नळीच ठेवावी लागली तर बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, नळी मांडीला चिकटवलेली, पिळ नको.

लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका. ताप, थंडी, अचानक वाढलेलं गळणं किंवा पायांचे झटके असतील तर मात्र दवाखाना.

छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल आणि एकदम डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, घाम, तर आडवं करू नका, बसवा, कपडे सैल करा, लघवी काढा किंवा नळीला पिळ पडलाय का बघा. बीपी भयंकर चढलेलं असतं, उतरलं नाही तर तडक हॉस्पिटल.

किडनीचं दुखणं आपल्याला जाणवत नाही, म्हणून सगळं बरं वाटत असलं तरी वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी), वही सोबत घेऊन जा.