रुपया घसरला की हिशेब कसा मांडायचा

"रुपया घसरला" एवढ्या बातमीवरून देशाचं भलं झालं की वाटोळं, हे ठरवता येत नाही. किती घसरला, कोणासमोर घसरला, भुर्दंड कोणावर पडणार आणि किती महिन्यांनी पडणार, एवढं शोधलं तर चित्र दिसू लागतं. त्यासाठी कॅल्क्युलेटर आणि रिझर्व्ह बँकेची दोन प्रकाशनं पुरतात. एक दर शुक्रवारचं साप्ताहिक पत्रक, दुसरं मासिक बुलेटिन.

आधी टक्केवारी नीट काढा

डॉलर 80 वरून 84 रुपयांवर गेला, असं धरू. फरक 4 रुपयांचा. त्याला जुन्या दराने, म्हणजे 80 ने, भागलं तर डॉलर 5 टक्के महाग झाला. नव्या दराने, म्हणजे 84 ने, भागलं तर रुपया 4.76 टक्के स्वस्त झाला. दोन्ही बरोबर आहेत, पण कामं वेगळी. आयातीचं बिल किती फुगलं हे पाहायचं तर पहिला आकडा घ्या. परदेशी गुंतवणूकदाराच्या रुपयातल्या पैशाचं डॉलरमध्ये किती नुकसान झालं हे पाहायचं तर दुसरा.

फरक लहान असतो तोवर गल्लत खपून जाते. उडी मोठी असली की अंगाशी येते. 6 जून 1966 ला सरकारने डॉलरचा दर 4.76 वरून 7.50 रुपये केला. हे अवमूल्यन कुठे 36.5 टक्के लिहिलेलं सापडतं, कुठे 57.5 टक्के. रुपया 36.5 टक्क्यांनी उतरला आणि त्याच क्षणी परदेशातून येणारा गहू 57.5 टक्क्यांनी महागला.

दर कुठला घ्यायचा, हेही आधीच ठरवा. तुलनेसाठी फायनान्शिअल बेंचमार्क्स इंडिया या बाजारातले प्रमाण दर काढणाऱ्या कंपनीचा संदर्भ दर घ्यावा. 2018 पर्यंत तो रिझर्व्ह बँक काढायची. बँकेच्या फलकावरचा नोटांचा दर, तारेने पैसे पाठवण्याचा टीटी दर आणि मोबाइलवर दिसणारा मधला दर, हे तिन्ही वेगळे असतात. काल एक आणि आज दुसरा घेतला तर रुपया हललेला नसतानाही हललेला दिसेल.

आखाती चलनांचं गणित सोपं आहे. अमिरातीचा दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. डॉलर 84 असेल तर 84 भागिले 3.6725, म्हणजे दिरहम 22.87 रुपये. डॉलर एक रुपयाने हलला की दिरहम 27 पैशांनी हलतो. रत्नागिरीतल्या ज्या घरी दुबईहून महिन्याला 2,000 दिरहम येतात, तिथे डॉलर 4 रुपयांनी चढला की जवळपास 2,180 रुपये जास्त येतात. कुवेतच्या दिनाराला मात्र हा भागाकार लागू नाही, तो अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे.

डॉलर चढला की रुपया पडला?

दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि रोजच्या बातम्यांत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. तपासायची रीत अशी: डॉलरबरोबर त्याच दोन तारखांचे युरो, पौंड आणि 100 येन यांचे दरही लिहून काढा. चारही चलनं रुपयासमोर वर गेली असतील तर दुखणं घरचं. एकटा डॉलर वर गेला असेल तर हालचाल अमेरिकेची.

2022 बघा. फेब्रुवारीत डॉलर 75 रुपयांच्या आसपास होता, जुलैत तो 80 ला टेकला. रुपयाचा नीचांक म्हणून मथळे झळकले. युरो मात्र याच काळात 84-85 वरून 80-81 पर्यंत खाली आला, कारण डॉलरसमोर तो रुपयापेक्षा जास्त पडला होता. म्हणजे अमेरिकेत माल पाठवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळत होते आणि युरोपात पाठवणाऱ्याचे कमी होत होते.

यापुढची पायरी म्हणजे वास्तव प्रभावी विनिमय दर. रिझर्व्ह बँक 40 चलनांची टोपली धरून, दोन्हीकडच्या महागाईतला फरक वळता करून हा निर्देशांक काढते. 2015-16 साल म्हणजे 100. आकडा 105 असेल तर आपला माल त्या वर्षाच्या मानाने परदेशी ग्राहकाला 5 टक्के महाग पडतो, मग डॉलरचा दर काहीही असो. आपली महागाई अमेरिकेपेक्षा वर्षाला 3 टक्के जास्त असेल आणि रुपयाही वर्षात 3 टक्केच उतरला, तर निर्यातदाराला काहीच मिळालं नाही. तो आहे तिथेच राहिला.

तेलाचं गणित

भारत आपल्या गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, म्हणून विनिमय दराचा परिणाम पाहायला सुरुवात इथूनच करावी. एका पिंपात 159 लिटर तेल. पिंपाचा भाव 80 डॉलर आणि डॉलर 84 रुपये धरला तर 6,720 रुपये, म्हणजे लिटरला 42 रुपये 26 पैसे. डॉलर 88 झाला की 44 रुपये 28 पैसे. याचा अर्थ डॉलरमधला एक रुपया लिटरमागे 50 पैसे हलवतो. आता उलट करून बघा: पिंपाचा भाव एका डॉलरने वाढला तर लिटरमागे 53 पैसे वाढतात. म्हणून या पातळीवर "तेल 4 डॉलरने उतरलं आणि डॉलर 4 रुपयांनी चढला" याचा परिणाम जवळपास शून्य.

देशाचा आकडाही असाच निघतो. वर्षाला सुमारे 23 कोटी टन आयात, एका टनात साधारण 7.33 पिंपं, 80 डॉलरचा भाव. गुणाकार 13,500 कोटी डॉलरच्या आसपास येतो. डॉलर वर्षभर एक रुपयाने महाग राहिला तर तेलाचं बिल साडेतेरा हजार कोटी रुपयांनी वाढतं. यातून एक वजाबाकी करायला विसरू नका. जामनगरसारख्या ठिकाणचे कारखाने डिझेल-पेट्रोल निर्यातही करतात, ते डॉलर परत येतात.

हा बोजा पंपावर लगेच दिसेलच असं नाही. जून 2017 पासून दर रोज बदलण्याची पद्धत आहे, तरी एप्रिल 2022 ते मार्च 2024 या काळात कंपन्यांनी मूळ भाव जवळजवळ हलवला नाही. मधे जी घट झाली ती करकपातीची. बोजा तोवर कंपन्यांच्या नफ्यातोट्यात साचत राहतो. पोटॅश खत पूर्णपणे आयातीचं. तिथे रुपया पडला की आधी सरकारच्या अनुदानाचा आकडा ताणला जातो, नाहीतर कंपन्या गोणीचा भाव वाढवतात.

खाद्यतेलात गोष्ट आणखी गुंतते. आपल्या वापरातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयातीचं आहे. सीमाशुल्क टक्केवारीत असल्याने रुपयातली किंमत वाढली की शुल्काची रक्कमही आपोआप वाढते. आयात पामतेल महागलं की लातूरच्या सोयाबीनला आधार मिळतो आणि पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात डबा महागतो. मग सरकार शुल्क कमी करतं आणि शेतकऱ्याचा आधार निघून जातो. रुपयाचा परिणाम मोजताना शुल्कातला बदल त्याच कागदावर लिहिला नाही, तर हिशेब हमखास चुकतो.

"निर्यातदारांची चांदी" खरी केव्हा

शंभर डॉलरचा माल निर्यात होतो, पण त्यात परदेशातून आणलेलं काय किती, हे विचारल्याशिवाय फायदा मोजू नये. सोय म्हणून, पैलू पाडलेल्या हिऱ्यांत 80 डॉलरचा कच्चा हिरा बाहेरून आलेला आहे असं धरू. डॉलर 4 रुपयांनी चढला तर 400 रुपये जास्त आले, 320 रुपये जास्त गेले. हाती राहिले 80. द्राक्षाच्या शंभर डॉलरमध्ये बाहेरची खतं-औषधं 10 डॉलरची धरली तर हाती 360 राहतात. तीच घसरण, तोच डॉलर, फरक साडेचार पट.

शिवाय वेळ लागतो. आयातीचे सौदे आधीच झालेले असतात, त्यांचं बिल ताबडतोब फुगतं. निर्यात वाढायला नवे ग्राहक, नव्या ऑर्डरी, पुढचा हंगाम लागतो. म्हणून रुपया उतरल्यावर व्यापारी तूट बहुधा आधी वाढते आणि नंतर कमी होते. दोन-तीन महिन्यांचे आकडे बघून "घसरणीचा उपयोग झाला नाही" म्हणणं घाईचं आहे.

शुक्रवारचं पत्रक

दर शुक्रवारी संध्याकाळी रिझर्व्ह बँक परकीय चलनाच्या गंगाजळीचा आकडा देते. त्यात चार ओळी असतात: परकीय चलनातील मालमत्ता, सोनं, एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदस्य देशांना दिलेले चलन-हक्क) आणि नाणेनिधीकडची राखीव रक्कम. एकूण बेरजेवर थांबू नका. सोन्याचा भाव वाढला तर बेरीज वाढते, पण एकही नवा डॉलर आलेला नसतो. परकीय चलनाच्या ओळीतही युरो, पौंड, येन असतात आणि हिशेब डॉलरमध्ये मांडतात. युरो पडला की काहीही न विकता गंगाजळी आटलेली दिसते. 2022-23 च्या पहिल्या काही महिन्यांत जी घट झाली, तिच्यातला सुमारे 67 टक्के भाग अशा मूल्यांकनाचाच होता, असं रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं. पुढे विकण्याचे किंवा घेण्याचे जे वायदे बँकेने केले असतील, ते या पत्रकात नसतात. ते मासिक बुलेटिनमध्ये शोधावे लागतात.

गंगाजळी भागिले महिन्याची माल-आयात, असं केलं की किती महिन्यांची सोय आहे ते कळतं. 700 अब्ज डॉलर आणि महिन्याला 60 अब्जांची आयात असेल तर साडेअकरा महिन्यांहून थोडं जास्त. जून 1991 मध्ये हाच भागाकार जेमतेम दोन-तीन आठवडे येत होता. त्या जुलैत जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं, आणि 1 व 3 जुलैला दोन टप्प्यांत रुपया 18-19 टक्क्यांनी खाली आणला गेला.

रुपया सावरायला काय मोजावं लागतं

रिझर्व्ह बँक 10 अब्ज डॉलर 84 च्या दराने विकते, तेव्हा बँकांकडचे 84,000 कोटी रुपये तिच्याकडे जातात. बाजारातली रोकड आटते आणि व्याज चढतं. ती रोकड सरकारी रोखे विकत घेऊन परत सोडली तर व्याज सावरतं, पण रुपयावरचा दाब परत येतो.

2013 मध्ये हे उघड दिसलं. 2012-13 ची चालू खात्यावरची तूट, म्हणजे व्यापार, सेवा आणि घरी पाठवलेले पैसे धरून देशाबाहेर जास्त गेलेली रक्कम, जीडीपीच्या 4.8 टक्के होती, म्हणजे दर वर्षी बाहेरून पैसा आला तरच घर चालणार. मे महिन्यात अमेरिकेने रोखेखरेदी आटोपती घेण्याचे संकेत दिले आणि तो पैसा परत फिरला. मेच्या सुरुवातीला 54 च्या आसपास असलेला डॉलर 28 ऑगस्टला 68 च्या वर गेला. जुलैत रिझर्व्ह बँकेने मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटीचा, म्हणजे बँकांना अडीनडीला रातोरात दिल्या जाणाऱ्या कर्जाचा, दर एकदम 10.25 टक्के केला, ऑगस्टमध्ये सोन्यावरचं आयातशुल्क 10 टक्क्यांवर गेलं. रुपया खरा स्थिरावला तो सप्टेंबरनंतर. अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि बँकांची परदेशी कर्जं यांसाठी सवलतीची अदलाबदल खिडकी उघडली (बँकांनी डॉलर देऊन रुपये घ्यायचे आणि पुढे ठरलेल्या दराने डॉलर परत घ्यायचे) आणि तिच्यातून सुमारे 34 अब्ज डॉलर आले. म्हणून तूट आधी पाहावी. तूट लहान असताना झालेली घसरण बहुधा निभते, 4-5 टक्के तूट असताना तीच घसरण कर्जदाराच्या हप्त्यापर्यंत पोचते.

माल युरोत विकणाऱ्याने काय करावं

नाशिकहून द्राक्षाचा एक रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर निघाला, 5 किलोच्या 2,600 पेट्या, 13 टन. किलोला 2 युरो धरले तर 26,000 युरो. 84.50 चा दर धरून बाग तोडली आणि पैसे येईपर्यंत युरो 80 झाला, तर 1,17,000 रुपये गेले. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. अशा वेळी पैसा येईपर्यंतचे दिवस वाढतात, आणि जोखीमही वाढते.

पैसे येण्याच्या अंदाजे तारखेचा वायदा दर, म्हणजे त्या तारखेला युरो विकण्याचा आजच पक्का केलेला दर, बँकेकडून लेखी मागा. तो आजच्या दरापेक्षा जास्त दिसला तर ते बँकेचं भाकीत समजू नका, तो मुख्यतः व्याजातला फरक असतो. भारतात व्याज 6.5 टक्के आणि युरोपात 2.5 धरलं, तर फरक वर्षाला 4 टक्के. युरो 100 असेल तर चार महिन्यांचे साधारण 1 रुपया 33 पैसे. निर्यातदाराला ते मिळतात, आयातदाराला भरावे लागतात. बँका आपसात वापरतात त्या आंतरबँक दरातून बँक किती पैसे कापते, हेही विचारा. 30 पैसे कापले तरी या एका कंटेनरवर 7,800 रुपये होतात. लहान रकमेला सकाळचा छापील दर लावतात, मोठ्या रकमेला त्या क्षणाचा दर मागता येतो.

वायदा पूर्ण रकमेचा करू नये. द्राक्ष तिकडे पोचल्यावर मणी गळाले, देठ तपकिरी पडले म्हणून बिलातून कापणी होते. 26,000 चा वायदा केला आणि 20,000 च आले, तर उरलेल्या 6,000 चा वायदा त्या दिवशीच्या दराने मोडावा लागतो. युरो वर गेलेला असेल तर तोटा खिशातून जातो. 60 ते 70 टक्के रकमेचा वायदा करावा आणि उरलेला भाग मालाची तपासणी होऊन अंतिम रक्कम कळल्यावर विकावा.