टेराफॉर्मने लोड बॅलन्सर पब्लिक करताय? या चुका टाळा

टेराफॉर्म म्हणजे कोड लिहून क्लाउडची यंत्रणा उभी करणारं टूल. त्याच्या फाइलमध्ये ‘इंटरनल’ फॉल्स केलं, अप्लाय मारला (म्हणजे तो कोड लागू केला), एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या कन्सोलवर एएलबी (ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर, रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरना वाटून देणारा) ‘ॲक्टिव्ह’ दिसला, की बरेच जण काम संपलं म्हणून मोकळे होतात. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे एडब्ल्यूएसने तो उभा केला, एवढंच. बाहेरून त्याच्यापर्यंत पोचता येतंय का, हे त्यावरून कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती सबनेटची (क्लाउडमधल्या आपल्या नेटवर्कच्या एका भागाची) चूक. सबनेट पब्लिक आहे की नाही हे त्याच्या रूट टेबलवरून (कुठली ट्रॅफिक कुठे पाठवायची ती यादी) ठरतं: ०.०.०.०/० चा, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांचा, रूट इंटरनेट गेटवेकडे जायला हवा. नावात ‘पब्लिक’ घातल्याने काही होत नाही, आणि मशीनला आपोआप पब्लिक आयपी देणारं सेटिंग चालू करूनही नाही. व्हीपीसीला (क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कला) इंटरनेट गेटवे मुळातच नसेल तर एडब्ल्यूएस एरर देऊन थांबवतं, ते बरंच. पण गेटवे आहे आणि त्या सबनेटचा रूट मात्र नॅट गेटवेकडे (हा फक्त आतून बाहेर जाऊ देतो, बाहेरून आत येऊ देत नाही) गेलाय, अशा वेळी अप्लाय बिनबोभाट पार पडतो.

त्यातही दोनपैकी एकच सबनेट चुकला की डोकं फिरायची वेळ येते. एएलबीला किमान दोन अव्हेलेबिलिटी झोनमधले (एकाच रीजनमधल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमधले) सबनेट लागतात. घाईत एक आयडी पब्लिकचा आणि एक प्रायव्हेटचा चिकटवला जातो. मग साइट कधी झटकन उघडते, कधी नुसती फिरत बसते. टीम ॲपचे लॉग चाळते, डेटाबेसवर संशय घेते, कुणी तरी इन्स्टन्स (सर्व्हर) मोठा करून बघतं. लॉगमध्ये काही सापडणार नसतंच, कारण अडकलेली रिक्वेस्ट ॲपपर्यंत आलेलीच नसते. पॅकेट इंटरनेट गेटवेतून आत येतं, उत्तर नॅटच्या वाटेला लागतं आणि कनेक्शन जुळतच नाही.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. लोड बॅलन्सरच्या डीएनएस नावावर ‘डिग’ (नावामागचे आयपी दाखवणारी कमांड) चालवा. जे आयपी येतील त्या प्रत्येकावर ‘कर्ल’ या कमांडचा ‘रिझॉल्व्ह’ पर्याय वापरून स्वतंत्र रिक्वेस्ट मारा. एक बोलतोय आणि दुसरा लटकतोय, तर त्या दुसऱ्याच्या सबनेटचा रूट टेबल उघडा. पुन्हा हे नको असेल तर सबनेटचे आयडी हाताने लिहू नका. इंटरनेट गेटवेचा रूट टेबल ज्या यादीला जोडलाय, तीच यादी लोड बॅलन्सरला द्या. आणि हो, मागचे सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्येच राहू द्यात; त्यांना बाहेर आणायची काही गरज नसते.

दुसरी चूक आधीपासून चालू असलेल्या इंटरनल लोड बॅलन्सरवर होते. त्याची स्कीम (इंटरनल की पब्लिक) नंतर बदलता येत नाही, म्हणून टेराफॉर्म जुना पाडून नवा बांधतो आणि त्याचे लिसनरही (ठरलेल्या पोर्टवर रिक्वेस्ट घेणारे) नव्याने बनतात. प्लॅनमध्ये (अप्लायआधी दिसणाऱ्या बदलांच्या यादीत) -/+ ही खूण आणि ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ हे शब्द असतात, पण ‘ऑटो अप्रूव्ह’ (न विचारता लागू कर) लावून बसणाऱ्याला ते दिसणार कुठून? नव्याचं डीएनएस नाव वेगळं असतं. रूट ५३ या एडब्ल्यूएसच्या डीएनएस सेवेतला अलियास रेकॉर्ड त्याच कोडमध्ये असेल तर तो मागोमाग वळतो. कुणी कधी काळी हाताने टाकलेला सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारा डीएनएस रेकॉर्ड) मात्र मेलेल्या नावाकडे बोट दाखवत राहतो.

यावर ‘क्रिएट बिफोर डिस्ट्रॉय’ (आधी नवा बांध, मग जुना पाड) लावा, असं लगेच कुणी तरी सुचवतं. एकाच अकाउंटमध्ये, एकाच रीजनमध्ये त्याच नावाचा दुसरा एएलबी बनत नाही, त्यामुळे नाव काढून प्रीफिक्स द्यावा लागतो, तोही जास्तीत जास्त ६ अक्षरी. ते जमवलं तरी एक टार्गेट ग्रुप (मागच्या सर्व्हरचा गट) एका वेळी एकाच लोड बॅलन्सरला जोडता येतो, तिथे गाडी अडते. त्यापेक्षा नवा एएलबी आणि नवा टार्गेट ग्रुप वेगळ्या नावाने शेजारी उभे करावेत, डीएनएस वळवावा, जुन्यावरची ट्रॅफिक थांबल्यावर मगच तो काढावा. दोन अप्लाय जास्त लागतात, लागू देत.

लोड बॅलन्सरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (आतबाहेरची ट्रॅफिक ठरवणाऱ्या नियमांच्या संचात) बरेच जण इग्रेस, म्हणजे बाहेर जाण्याचा नियम, लिहायला विसरतात. एडब्ल्यूएसचा ‘सगळं बाहेर जाऊ दे’ हा डिफॉल्ट नियम टेराफॉर्म काढून टाकतो, मग हेल्थ चेकही (सर्व्हर ठीक आहे का ही तपासणी) फेल आणि युजरला ५०४, म्हणजे टाइमआउटची एरर.

इनलाइन नियम (ग्रुपच्या आतच लिहिलेले) आणि वेगळे रूल रिसोर्स एकाच ग्रुपवर मिसळले की दर अप्लायला एक दुसऱ्याला पुसतो. कन्सोलवरून ‘तात्पुरता’ टाकलेला नियमही इनलाइनवाल्या ग्रुपमध्ये पुढच्या अप्लायला गायब होतो.

चाचणीसाठी म्हणून सगळे पोर्ट जगाला उघडू नका. ८० आणि ४४३ बास. सर्व्हरच्या ग्रुपमध्ये सोर्स म्हणून लोड बॅलन्सरचा ग्रुप द्या.

ॲप ‘/’ वर ३०२ (दुसऱ्या पानाकडे वळवणारं उत्तर) देत असेल तर हेल्थ चेक नापास, कारण डिफॉल्ट मॅचर (कुठलं उत्तर चालेल ते ठरवणारं सेटिंग) फक्त २०० मानतो.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लोड बॅलन्सरच्याच रीजनमधलं हवं.

एएलबीचा आयपी डीएनएसच्या ‘ए’ रेकॉर्डमध्ये कोंबू नका, तो बदलतो.

आणि काही बिघडलं की कोड उचकण्याआधी नेमकं काय येतंय ते बघा. नुसता टाइमआउट आला तर रूट किंवा इनग्रेस (आत येण्याचा नियम) चुकलाय. ५०३ असेल तर टार्गेट ग्रुपमध्ये बहुधा कुणी रजिस्टरच नाही. ५०२ आला तर ॲपने कनेक्शन तोडलंय किंवा धड उत्तर दिलेलं नाही. तिथे सबनेट चाळण्यात अर्थ नाही.